आधी तपासणी, मग कंत्राट

मलबार हिलवरील फिरोजशहा मेहता उद्यानाखालचा जलाशय एकोणिसाव्या शतकातला. तो नव्याने बांधण्याचा मुंबई महापालिकेचा बेत होता. त्यापायी ३८९ वृक्षांवर गदा येणार होती. नागरिकांनी हरकत घेतल्यावर २०२३ साली तज्ज्ञांची समिती नेमली गेली. पाहणीअंती समितीतील काही सदस्यांनी दुरुस्ती पुरेशी असल्याचा निर्वाळा दिला. दक्षिण मुंबईचे पाणी तुटू नये, ही पालिकेची काळजी रास्तच. पण अशी पाहणी कंत्राट दिल्यानंतर का व्हावी? मलबार हिलचे गाऱ्हाणे ऐकले गेले. देवनारच्या कचराभूमीलगतच्या वस्तीला तेवढा कान मिळेल काय? तपासणी ही आंदोलनाची कमाई नव्हे, कारभाराची रीत असली पाहिजे.