सिग्नल हुशार झाला, पण मोजतो कुणाला?

सकाळची पावणेआठची पीएमपी. दारात लटकलेली पोरं, आत पाय ठेवायला जागा नाही. पहिल्या लेक्चरची अटेंडन्स गेली हे चौकातच कळतं, कारण सिग्नल ग्रीन झाला तरी आपली बस हलत नाही. पुढे दुचाकींची फौज. ती सरकेपर्यंत पुन्हा रेड. हा सीन तुम्हालाही पाठ असेल ना?

यावर उपाय म्हणून ‘ॲडॅप्टिव्ह सिग्नल’चं नाव हल्ली सारखं कानावर पडतं. पुण्यातही स्मार्ट सिटीच्या योजनेत असे सिग्नल आले. साधा सिग्नल घड्याळावर चालतो. रस्ता रिकामा असो की तुंबलेला, त्याचे ६० सेकंद म्हणजे ६० सेकंद. ॲडॅप्टिव्ह सिग्नल कॅमेऱ्यातून किंवा रस्त्यातल्या सेन्सरवरून कुठल्या बाजूला किती गर्दी आहे ते बघतो आणि ग्रीनचा वेळ कमी-जास्त करतो. शेजारच्या चौकाशी मेळही घालतो.

कल्पना तशी जुनीच. सिडनीत ‘स्कॅट्स’ आणि ब्रिटनमध्ये ‘स्कूट’ या सिस्टिम १९७०च्या दशकातच तयार झाल्या. अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये २०१२ साली नऊ चौकांत ‘सरट्रॅक’ची चाचणी झाली, तेव्हा प्रवासाचा वेळ साधारण २५ टक्क्यांनी घटला. आपल्या सी-डॅकनेही भारतातल्या सरमिसळ ट्रॅफिकसाठी ‘कोसिकॉस्ट’ बनवलंय. म्हणजे टेक्नॉलॉजी भारी आहे, यात वाद नाही.

माझा प्रश्न वेगळाय. हा सिग्नल मोजतो काय?

उत्तर आहे, मुख्यतः वाहनं. समजा, एका रस्त्यावर चाळीस कार उभ्या आहेत आणि प्रत्येकीत एकच माणूस. दुसऱ्या रस्त्यावर एकच बस, पण पोटात साठ जण. फक्त वाहनं मोजणाऱ्या मशीनच्या लेखी हा सामना ४० विरुद्ध १. आणि फूटपाथवर उभ्या असलेल्या तुमचं काय? तुम्ही तर स्कोअरबोर्डवरच नाही.

रस्ता ओलांडणाऱ्या माणसाचा वेग सेकंदाला साधारण १.२ मीटर धरतात. म्हणजे २४ मीटर रुंद रस्त्याला २० सेकंद हवेत. गुडघे दुखणाऱ्या आजीला त्याहून जास्त. गाड्यांसाठी सेकंद वाचवताना ते तिच्या वाट्याचे कापले गेले, तर त्या हुशारीचा उपयोग काय?

कुणी म्हणेल, गाड्या सुटल्या की बसही सुटेलच. थोडे दिवस, हो. पण गाडीने जाणं सोपं झालं की आज बसने जाणाराही उद्या हप्त्यावर गाडी घेतो आणि चौक पुन्हा तुंबतो. त्यापेक्षा बसला आधी सोडा. हे काही स्वप्नरंजन नाही. ‘स्कूट’मध्ये येणारी बस ओळखून तिच्यासाठी ग्रीन थोडा लांबवायची सोय आहे. म्हणजे मशीनला ते जमतं, फक्त तसं सांगावं लागतं. आणि काय सांगायचं, हे ठरवतात माणसंच.

आता थोडं आपल्याबद्दलही. आपण बाइक घेऊन स्टॉप लाइनच्या पुढे, थेट झेब्रा क्रॉसिंगवर जाऊन थांबतो. सेन्सर बहुतेकदा लाइनच्या अलीकडचं बघतात. मग आपणच त्याच्या नजरेबाहेर जातो आणि वर ‘सिग्नल मूर्ख आहे’ म्हणतो. शिवाय पायी चालणाऱ्याची वाट अडवतो, ते वेगळंच.

त्यामुळे पुढच्या वेळी नगरसेवक किंवा अधिकारी कॉलेजात येऊन ‘स्मार्ट सिग्नल’वर भाषण देतील, तेव्हा टाळ्या जरूर वाजवा. पण प्रश्नोत्तरांत हात वर करून एवढंच विचारा: साहेब, आमची बस तुम्ही एक धरलीय की साठ?