‘हेन्री एस्मंड’ : आक्षेप नेमका कोठे?

थॅकरेच्या ‘द हिस्ट्री ऑफ हेन्री एस्मंड’ (१८५२) या कादंबरीवर लुकाचने आपल्या ऐतिहासिक कादंबरीविषयक ग्रंथात घेतलेला आक्षेप अंतिम निवाड्यासारखा उद्धृत केला जातो. थॅकरेने इतिहासाला खाजगी पातळीवर उतरवले, मार्लबरोसारख्या सेनापतीला व्यक्तिगत आकसाच्या मापाने मोजले, हा त्याचा आशय. तो उद्धृत करणाऱ्यांनी कादंबरीचा निवेदक कोण, हा प्राथमिक प्रश्नही विचारलेला दिसत नाही.

अ‍ॅन राणीच्या काळातील या आठवणी लिहितो तो एस्मंड. तोही स्वतःचा उल्लेख तृतीयपुरुषी करून, ज्यातून अधूनमधून ‘मी’ निसटतो. पहिली आवृत्ती जुन्या वळणाच्या टंकात छापली गेली ती हेच सोंग पुरे करण्यासाठी. तेव्हा आकस एस्मंडचा आहे. तो जनरल वेबच्या हाताखालचा. वायनेंडेलच्या लढाईचे (१७०८) श्रेय वेबऐवजी कॅडोगनला दिले गेले, हा त्याचा सल. (थॅकरेची आजी वेब घराण्यातली, हे खरे, पण तेवढ्याने लेखक आणि निवेदक एक होत नाहीत.) शिवाय, त्या थोर पुरुषाने एकदा आपुलकीने पाहिले असते तर आपल्या लेखणीतून उपहासाऐवजी स्तुती उतरली असती, हे एस्मंडच सुचवतो. लुकाचला जी लेखकाची मर्यादा वाटते, तोच कादंबरीचा विषय आहे.

मात्र याच न्यायाने शेवटचे पान निर्दोष ठरवणे हा दुसरा आळस होय. किताबाचा त्याग केलेला एस्मंड जेकोबाइट कट फसल्यावर व्हर्जिनियात स्थायिक होतो. घराण्यातल्या हिऱ्यांचे नांगर, कुऱ्हाडी आणि गुलाम होतात. आणि हे गुलाम त्या मुलुखातले सर्वांत आनंदी, असे तो सांगतो. हेही निवेदकाचेच मत, हा बचाव येथे टिकत नाही. मार्लबरोच्या बाबतीत संहितेनेच निवेदकाच्या शब्दाला तडा दिला होता. येथे तसा तडा नाही. उलट, विकत घेतलेले निग्रो वडिलांची आज्ञा किती उत्साहाने पाळत, याची ग्वाही कन्येची प्रस्तावना देते. आणि हे केव्हा? ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी रद्द करणारा कायदा (१८३३) होऊन दोन दशके होत आली असताना, ‘अंकल टॉम्स केबिन’ ग्रंथरूपाने आली त्याच वर्षी. मार्लबरोला न्याय मिळाला की नाही, यावर वाद घालणाऱ्या दोन्ही पक्षांनी त्या हिऱ्यांचा हिशेब अद्याप मागायचा आहे.