शिक्का नसलेलं तिकीट पुन्हा लावावं का?



चौथीला पत्रलेखन शिकवत होते. सदरमधल्या आमच्या शाळेतला एक मुलगा घरी आलेलं पाकीट घेऊन आला. म्हणाला, "मॅडम, पाच रुपयांच्या तिकिटावर शिक्काच नाही. मामाच्या पत्राला हेच लावू?" आई म्हणाली होती, वाया कशाला घालवायचं!

खरं सांगते, उत्तर द्यायला वेळ लागला. डी.एड.ला असताना असंच एक तिकीट मीही अर्जाच्या पाकिटाला लावलं होतं. बचत झाली, असं तेव्हा वाटलं.

पण ते चूकच होतं. तिकीट म्हणजे पत्र पोहोचवण्याचं भाडं. पत्र पोहोचलं की भाडं संपलं. शिक्का ही फक्त खूण. कंडक्टरने तपासलं नाही म्हणून बसच्या त्याच तिकिटावर आपण पुन्हा बसतो का? वापरलेलं तिकीट फसवणुकीच्या हेतूने पुन्हा लावणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 184 खाली गुन्हाही आहे. दोन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

काटकसर जरूर शिकवा. आपल्या विदर्भातल्याच सेवाग्रामला राहणारे गांधीजी आलेल्या पत्रांच्या कोऱ्या बाजूवर लिहीत. पण कोरा कागद वापरायचा उरलेला असतो, तिकिटातली सेवा वापरून झालेली असते.

मी त्याला ते तिकीट पाण्यात भिजवून काढायला अन् संग्रहाच्या वहीत चिकटवायला सांगितलं. मामाच्या पत्राला त्याने नवीन तिकीट लावलं. कोणी पाहत नसताना पाच रुपये भरायचे, हे मुलांना आपल्याकडूनच दिसायला हवं.