बंदुकीचं तोंड रस्त्याकडे नको, अर्ज मात्र करा



भातात डुकरं शिरतात म्हणून ठासणीच्या बंदुकीचा परवाना मागितला की विचारतात, सातबारा कुठाय? १९५९ च्या हत्यार कायद्याचं कलम १३ पीक राखायला ठासणीची बंदूक मान्य करतं. कलम १४ सांगतं, पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणाने परवाना नाकारता येत नाही. नाकारला तर कारण लेखी मागा, अपील करा. पण बंदूक डुकरं हाकलायला. परवानगीशिवाय जनावर मारलं तर १९७२ चा वन्यजीव कायदा लागतो.

आता दुसरी बाजू. डहाणूकडे रूळ आणि हमरस्ता आपल्या पाड्यांजवळून जातात. तिकडे बेफिकीर बार काढून कोणाचा जीव धोक्यात घातला, तर तो गुन्हा आहे. ३ महिन्यांपर्यंत कैद, दंड, किंवा दोन्ही. गोळी लागलीच पाहिजे असं नाही.

हा कायदा आपल्याच कामाचा आहे. अंधारात रुळाकडेने मोळी घेऊन कोण जातं? आपल्याच बाया. म्हणून पाड्यापाड्यात बसून ठरवा, रस्ता, रूळ, घरं असतील त्या बाजूला बार नाही. हक्क मागायचा तर शिस्तही आपणच पाळायची.