सर्चमध्ये सगळ्यात वर कोण?

गेल्या वर्षी आमच्या अभ्यासिकेत येणाऱ्या एका मुलीची शिष्यवृत्ती बुडाली. कारण विचाराल तर, तिने फोन उचलला नाही.

मुलगी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला. वडील हमाली करतात, घरात कॉलेजची पायरी चढणारी ही पहिलीच. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा म्हणून तिने मोबाईलवर शोधलं आणि सगळ्यात वर जी साइट आली ती उघडली. नाव, नंबर, जात, वडिलांचं उत्पन्न, बँक, सगळं विचारलं होतं. तिने भरलं. 'प्रक्रिया शुल्क' म्हणून 299 रुपयेही दिले. ती साइट सरकारी नव्हतीच. वर बारीक अक्षरात 'प्रायोजित' लिहिलेलं होतं, म्हणजे कुणीतरी पैसे मोजून ती वरची जागा घेतली होती. खरा अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरायचा असतो आणि त्याला फी लागत नाही, हे तिला आठवड्याने मैत्रिणीकडून कळलं. मग तिने तोही भरला.

पण नंबर गेला तो गेलाच. क्लासवाले, कर्जवाले, घरबसल्या पदवी देणारे, घरबसल्या काम देणारे, दिवसाला दहा-बारा फोन. शेवटी पोरीने अनोळखी नंबर उचलणंच सोडून दिलं. नेमका त्याच दिवसांत तिचा अर्ज त्रुटीसाठी परत आला. उत्पन्नाच्या दाखल्याची स्कॅन प्रत वाचता येत नव्हती, एवढंच. त्याचा मेसेज ऑफरच्या ढिगात गाडला गेला. कॉलेजच्या क्लार्क मॅडमनी स्वतःच्या मोबाईलवरून दोनदा फोन केला (अशी माणसं अजून आहेत), तो हिने कट केला. मुदत संपली.

हे मी दोन-चार ठिकाणी सांगितलं तेव्हा प्रत्येक वेळी एकच उत्तर मिळालं: पोरीने नीट बघायला नको होतं का? आपल्यातलेच शिकलेले, नोकरीला लागलेले लोक हे बोलतात. मला ते पटत नाही. ज्या घरात तीन पिढ्या शिकल्यात त्या घरातल्या मुलाला सर्च करावंच लागत नाही. त्याचा एक मामा बँकेत असतो, काका मंत्रालयात असतो, आत्याचे यजमान प्राध्यापक असतात. तो एक फोन लावतो आणि त्याला कळतं कुठला फॉर्म, कुठली तारीख, कुठल्या टेबलावर कोण बसतो. आपल्या पोरांचा मामा, काका, प्राध्यापक सगळं म्हणजे तो सर्चचा चौकोन. म्हणून त्या चौकोनाखाली पहिल्या नंबरवर कोण बसतो, हा त्या मुलाला डोकेदुखीचा विषय असेल, आपल्याला तो हक्काचा विषय आहे.

आणि तिथे कोण बसतो हे पैसा ठरवतो. गंमत म्हणजे गूगल काढणाऱ्या सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज या दोघांनी 1998 साली आपल्या शोधनिबंधात स्वतःच लिहून ठेवलं होतं की, जाहिरातींवर जगणारं सर्च इंजिन वापरणाऱ्याच्या गरजेपेक्षा जाहिरातदाराकडे झुकणारच. दोनच वर्षांत त्यांनी जाहिराती विकायला सुरुवात केली. पुढे ही कंपनी एवढी मोठी झाली की, फोन आणि ब्राउझरमध्ये आपलंच सर्च आधीपासून बसलेलं असावं म्हणून तिने 2021 या एका वर्षात 2,630 कोटी डॉलर इतर कंपन्यांना मोजले. अमेरिकेतल्या खटल्यात हा आकडा बाहेर आला आणि ऑगस्ट 2024 मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी सर्चमधली ही मक्तेदारी बेकायदेशीर ठरवली. आपल्याकडे स्पर्धा आयोगाने 2018 सालीच सर्चमधल्या पक्षपातासाठी गूगलला 135 कोटी 86 लाखांचा दंड केला होता. आमच्या अभ्यासिकेतल्या पहिल्या निकालात त्याने काही फरक पडलेला मला तरी दिसला नाही.

'मूकनायक' 1920 साली निघाला तेव्हा त्याची जाहिरात 'केसरी'ने पैसे देऊनही छापली नाही, हे आपण भाषणांत नेहमी सांगतो. तेव्हा पैसे देऊनही जागा नव्हती. आज जागा विकायलाच ठेवली आहे, पण ती हमालाच्या पोरीसाठी कोण विकत घेणार? समाजकल्याण विभाग घेतो का? दलाल घेतो, कारण त्याला प्रत्येक नंबरमागे दाम मिळतो.

काही मित्र म्हणतात, मशीनला जात नसते. 2016 च्या ऑलिम्पिकमध्ये पी. व्ही. सिंधूने पदक जिंकलं तेव्हा आपल्या देशातल्या लोकांनी सर्चमध्ये तिची जात शोधली, इतकी शोधली की ती बातमी झाली. आणि 'लोक हे शोधतात' म्हणून पुढच्या माणसाने नुसतं नाव टाईप केलं की मशीन जात हा शब्द स्वतःहून सुचवतं. मशीन काय शिकलं? आपण जे शिकवलं ते. मशीन बनवणाऱ्यांचं पाहायचं तर 2022 साली गूगलमध्ये थेनमोळी सौंदरराजन यांचं जातिभेदावर व्याख्यान ठरलं होतं. काही कर्मचाऱ्यांनी त्यांना हिंदूविरोधी ठरवलं आणि कंपनीने ते व्याख्यान रद्द केलं. जातिभेदाला आमच्याकडे थारा नाही, असं कंपनी म्हणाली. ते व्याख्यान ठेवणाऱ्या तनुजा गुप्ता यांनी राजीनामा दिला.

कायदा काय करतो? 2023 चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा वाचा. माहिती सांडणाऱ्या कंपनीला 250 कोटींपर्यंत दंड आहे, ऐकायला भारी वाटतं. पण तो दंड जमा होतो भारताच्या संचित निधीत. जिचा नंबर विकला गेला तिला त्यातला छदाम नाही. उलट नुकसानभरपाई देणारं माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं जुनं कलम 43अ वगळण्याची तरतूद याच कायद्यात केली आहे. आपल्या वकील मित्रांनी यावर बोलायला हवं, मोर्च्याच्या निवेदनात हा मुद्दा मी अजून एकदाही पाहिलेला नाही.

आता थोडं आपल्याबद्दल. 14 एप्रिल आणि 6 डिसेंबरला आपल्या स्टॉलवर वही ठेवलेली असते, 'नाव आणि नंबर लिहा'. अशा वह्या मी स्वतः भरून घेतल्या आहेत. निवडणुकीच्या वेळी त्या कुणाच्या हातात गेल्या हे मी कधी विचारलं नाही. बाबासाहेबांच्या नावाने त्यांनी कधी न बोललेली वाक्यं आणि 'आजच फॉर्म भरा, शेवटचा दिवस' असल्या लिंका आपल्याच ग्रुपवर सर्वात जास्त फिरतात. दुसऱ्याला दलाल म्हणताना जीभ थोडी अडखळते ती यामुळे.

मागायचं असेल तर नेमकं मागू या. सरकारी योजनेच्या नावाने शोधलं तर तिथे खासगी जाहिरात दाखवता येणार नाही, असा नियम हवा. अर्ज परत आला तर नुसत्या मेसेजवर न सोडता कॉलेजच्या फलकावर यादी लागली पाहिजे आणि यादी लागल्यापासून मुदत मोजली पाहिजे. हे करायला कुठल्या अमेरिकन कंपनीची परवानगी लागत नाही, प्राचार्यांच्या केबिनमध्ये दहा पोरं गेली तरी होईल.

तोवर, पत्त्यात .gov.in आहे का ते बघायचं, कारण ते फक्त सरकारी खात्यांनाच मिळतं. सरकारी मेसेज पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी आता जी हे इंग्रजी अक्षर असतं, जाहिरातीच्या मेसेजला पी. नको असलेल्या फोनची तक्रार 1909 वर, पैसे गेले असतील तर लगेच 1930 वर.

त्या मुलीचा यंदाचा अर्ज आम्ही अभ्यासिकेतल्या संगणकावर भरला, पोर्टलचा पत्ता सर्च न करता हाताने टाईप करून. उत्पन्नाचा दाखला तीनदा स्कॅन केला. क्लार्क मॅडमचा नंबर तिने 'स्कॉलरशिप मॅडम' नावाने सेव्ह केला आहे. गेल्या वर्षीची फी वडिलांनी मुकादमाकडून उचल घेऊन भरली, ती अजून फिटायची आहे.