चेपलेले सीताफळ

दिवाळीपूर्वी दोन दिवस तोरणमाळला जाऊन आलो. शहाद्याचे आमचे मेहुणे बरोबर होते. यशवंत तलाव झाला, सीताखाईच्या कड्यावर उभे राहून 'वाहवा' म्हणून झाले, आणि उतरताना घाटात एका पावरा बाईच्या टोपलीपाशी थांबलो. लक्ष्मीपूजनाला सीताफळे हवी होती. शहरी सवयीने मी एकेक फळ फिरवून पाहू लागलो. गोल गरगरीत ते पिशवीत, एका अंगाने चेपलेले ते परत टोपलीत!

"दाजी," मेहुणे हसून म्हणाले, "तो फळाचा दोष नव्हे. त्या अंगाला पाहुणा पोचला नाही, एवढेच."

मग घाटातच माझी शिकवणी सुरू झाली. सीताफळ हे एक फळ नव्हेच. ते लहान लहान फळांचे एकत्र कुटुंब आहे. फुलातल्या ज्या ज्या भागाला परागकण मिळतो, तिथला डोळा भरतो. न मिळेल ती बाजू बसते. त्यातून हे फूल आधी स्त्री असते, मागाहून पुरुष होते. म्हणून घरचा पराग घरी सहसा कामाला येत नाही. पाकळ्याही धड उघडत नाहीत, त्यामुळे मधमाशी त्याच्या फारशी वाटेला जात नाही. हे काम करतात तिळाएवढे भुंगेरे, आणि त्यांची वीण वाढते कुजक्या फळांत! रानात पाचोळा नि सडकी फळे पडून असतात. बाग झाडूनपुसून, वर औषध मारून लख्ख केली की भुंगेरे नाहीसे होतात, आणि मालक ब्रश घेऊन फुलाफुलापाशी पराग लावीत हिंडतो. फुकटचा गडी घालवून त्याच्या जागी रोजाने माणूस लावण्यातला हा प्रकार!

आंब्याच्या मोहोरावर हेच काम बव्हंशी माश्या करतात. कलिंगड, काकडी, भोपळा यांची नर आणि मादी फुले वेगवेगळी; तिथे, आणि कांद्याच्या बियाण्यालाही, मधमाशी हवीच.

मेहुण्यांनी हे पुस्तकात वाचलेले नाही. एका वर्षी तुडतुड्यांच्या भीतीने त्यांनी ऐन मोहोरात, भर सकाळी फवारणी केली. दुसऱ्या दिवशी झाडांखाली मेलेल्या मधमाश्यांचा सडा होता. "त्या साली कैऱ्या मोजून घ्याव्या लागल्या," ते म्हणाले. आता ते फुले उमलण्यापूर्वी फवारतात. अगदीच अडले, तर माश्या घरी परतल्यावर, दिवेलागणीला, आणि शेजारच्या मधपेट्यावाल्याला आदल्या दिवशी निरोप धाडून. बांधावरचे फुलणारे तणही ते आता काढीत नाहीत.

हे शहाणपण जगालाही उशिराच सुचले. युरोपीय संघाने मधमाश्यांना घातक अशा तीन कीटकनाशकांचा उघड्या शेतातला वापर 2018 साली बंद केला. आपल्याकडे पुण्यात मधमाशी संशोधनाची केंद्रीय संस्था 1962 पासून आहे, आणि महाबळेश्वरजवळचे मांघर हे 2022 साली देशातले पहिले 'मधाचे गाव' ठरले.

हे सारे ऐकताना मी मान डोलावीत होतो, पण आतून ओशाळलो होतो. गेल्या वर्षी आमच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीला आग्या मोहोळ लागले. मुलाबाळांचे घर, भीती खोटी नव्हती. सभा भरली, आणि ते जाळण्याच्या ठरावावर पहिली सही माझी! आग्या माश्या काही महिन्यांनी आपण होऊन मुक्काम हलवतात, तोवर गच्चीला कुलूप लावून भागले असते, हे मला घाटात कळले. त्याच आठवड्यात घरी पंचामृतासाठी मी मधाची बाटली आणली होती, आणि तो शुद्ध आहे की नाही यावर दुकानदाराशी हुज्जतही घातली होती.

यंदा टाकीला पुन्हा मोहोळ लागले आहे. दिवाळीनंतर सभा आहे. ठराव तोच येणार, आणि या खेपेस मला उठून बोलावे लागणार. शेजारी हसतील. हसोत!

घाटातून निघताना मी टोपलीत परत टाकलेली सीताफळे पुन्हा उचलली. बाईने आश्चर्याने पाहिले. तिला वाटले असेल, गिऱ्हाईक काही ठिकाणावर नाही. घरी आल्यावर सौभाग्यवतींनी आधी नाक मुरडले, मग एक फोडून चाखले. गोडीत काही उणे नव्हते. डोळे तेवढे कमी होते.