आधी वैल मांडा

दोन वर्षांपूर्वी थर्टी फर्स्टला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर पहिला बार्बेक्यू झाला. शेगडी मी विकत आणली होती, एवढ्या पात्रतेवर मला आचारी केलं गेलं. कोळशावर तेल ओतून मी झकास भडका उडवला आणि लगेच सळया मांडल्या. दहा मिनिटांत चिकन आणि कोळसा यांत फरक करणं अवघड झालं. मेहुण्याने एक तुकडा मोडून दाखवला, आत चक्क गुलाबी! तेवढ्यात आई वर आली. "अरे, जाळावर काय भाजतोस? आर पडू दे की. आणि तुझ्या चुलीला वैल कुठाय?"

आर म्हणजे निखारे आणि वैल म्हणजे मातीच्या चुलीच्या बाजूचं धाकटं तोंड. जाळ चुलीत, वैलावर फक्त त्याची धग. आमटीला उकळी फुटली की पातेलं वैलावर सरकायचं, भात तिथेच मुरायचा. तव्यावरची भाकरी निखाऱ्यांसमोर उभी राहून फुगायची. भाजण्याचं सगळं शास्त्र त्यात आलं, पण आम्ही ते व्हिडिओंमध्ये शोधत बसलो होतो.

तेव्हापासून माझी पद्धत ठरली आहे. कोळसा पेटला की अर्धा तास त्याच्याकडे नुसतं बघायचं. त्यावर राखेची पांढुरकी साय धरली की तो तयार. मग सगळे निखारे शेगडीच्या एका बाजूला ओढायचे. ती झाली चूल, रिकामी बाजू वैल. जाळीच्या वर वीतभर अंतरावर तळहात धरायचा. दोन-तीन सेकंदांत चटका बसला तर आच कडक, पाच-सहा सेकंद हात टिकला तर मध्यम.

पनीर, कोळंबी, बोनलेस तुकडे थेट चुलीवर. तंगडी मात्र आधी वैलावर झाकण ठेवून शिजू द्यायची, रंग चढवायला शेवटी चुलीवर. थर्मामीटर असेल तर तो हाड टाळून मांसात खुपसावा, 74 अंश सेल्सिअस दिसले की चिकन शिजलं. चरबी गळून जाळ उठला तर पाणी मारू नका, राख उडून मसाल्यावर बसते. तुकडे वैलावर सरकवा, जाळ आपोआप बसतो. उतरवल्यावर पाच मिनिटं धीर धरा, म्हणजे रस ताटात न सांडता मांसात राहतो.

मुरवणाला दही उत्तम. मटणाला कच्च्या पपईचा कीस लावतात, कारण त्यातलं पपेन मांसाचे धागे सोडवतं. पण तो रात्रभर ठेवलात तर कबाबाऐवजी लगदा हाती येतो. मध-साखर लवकर करपते, म्हणून ती शेवटच्या दोन मिनिटांत लावा. आणि कच्चं चिकन ज्यात मुरलं तो मसाला भाजलेल्या तुकड्यांवर पुन्हा फासू नका.

एकाच सळईवर चिकन, कांदा, टोमॅटो ओवले की फोटो छान येतो. पण टोमॅटो गळायला लागतो तेव्हा चिकन अजून कच्चंच असतं. म्हणून एका सळईवर एकच पदार्थ. बांबूच्या काड्या अर्धा तास पाण्यात भिजवल्या की लवकर जळत नाहीत.

भाज्यांना आपण उगाच दुय्यम मानतो. खानदेशात भरताची वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजतात, त्या धुराची चव गॅसवर मिळत नाही. वांग्याला टोचे मारून, तेलाचा हात फिरवून ते अख्खंच ठेवा. रताळं राखेत पुरून विसरून जा. कणसाला लिंबू-मीठ भाजल्यानंतर चोळायचं, हे पावसाळ्यात हातगाडीवर आपण सगळ्यांनीच पाहिलं आहे.

आणि एक काळजी. थंडी वाजते म्हणून कोळशाची शेगडी बंद गॅलरीत किंवा खोलीत आणू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीव घेतो.

यंदाही आमच्या गच्चीवर शेगडी पेटेल. तुमच्याकडेही पेटणार असेल, तर एवढंच करा. पाहुण्यांना आठला बोलावलं असेल, तर कोळसा सातला पेटवा.